डोकी मोजणारे सर

ऑफिसात सर माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि फाटकाबाहेर पडलो की मराठीत. पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणाने त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "सर, तुम्ही मूळचे कुठले?" तर ते चहूकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, "मॅडम, फाइल वहाँ रख दीजिए।" माझ्या हातात फाइल नव्हतीच. संध्याकाळी चार्टर्ड बसच्या रांगेत मागून त्यांचा आवाज आला, "पुण्याचा. पण त्याला फार वर्षं झाली. आणि आत मराठीत बोलत जाऊ नका. दिल्लीत दोन मराठी माणसं मराठीत बोलायला लागली की तिसऱ्याला वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय."

"पण आपण त्याच्याबद्दल बोलत नसतो ना?"

"अजून नसतो," ते म्हणाले.

तेव्हा नोएडा नुकतं कुठे शहर व्हायला लागलं होतं. सेक्टरांना आकडे मिळाले होते, रस्ते मिळाले नव्हते. दुपारी लाइट गेली की सगळे जनरेटर एकदम सुरू होत आणि फोनवर ओरडून बोलावं लागे. माझा नवरा तिथल्या टीव्ही बनवणाऱ्या कारखान्यात लागला म्हणून मी पुणं सोडून आले होते. मला नोकरी मिळाली ती एका मोठ्या, जुन्या फिल्म कंपनीच्या दिल्ली ऑफिसात. मुलाखत मुंबईला झाली होती आणि ती घेतली होती मालकांच्या नातवाने, ज्यांना सगळे छोटे साहेब म्हणत. सरांच्या लेखी एवढं पुरेसं होतं. मला मुंबईने पाठवलंय, म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवायला पाठवलंय, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. माझी ओळख करून दिली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "अच्छा. हेड ऑफिस से."

मला मात्र वाटत होतं, चला, परक्या मुलुखात साहेब तरी आपला माणूस मिळाला. एकदा बसमध्ये मी त्यांना काका म्हणून पाहिलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "काका नको. काका म्हटलं की पुढे 'मला वाचवा' येतंच. आणि पुण्याच्या माणसाने तरी काकांवर भरवसा ठेवू नये." मी हसले. ते हसले नाहीत.

सरांचा संशय हा स्वभाव नव्हता, तो त्यांचा धंदा होता. तरुणपणी ते कंपनीचे रिप्रेझेंटेटिव्ह होते. म्हणजे काय, तर दिल्लीहून सिनेमाचे डबे पानिपत, कर्नाल, मेरठ अशा गावी जायचे आणि त्यांच्याबरोबर सरही जायचे. थिएटरात बसायचं आणि डोकी मोजायची. कारण थिएटरवाला खरा गल्ला कधी सांगायचा नाही. थिएटर भरलं असलं तरी अर्धं दाखवायचा, अर्धं असलं तर पाव. कंपनीचा माणूस आला की त्याची बडदास्त सुरू व्हायची. लस्सी, पराठे, मॅनेजरच्या केबिनमधला पंखा. "पानिपतात मराठी माणूस दोनदा फसला," सर सांगायचे. "एकदा सगळे मिळून, आणि एकदा मी एकटा. मला गाजराच्या हलव्याला बसवलं आणि तेवढ्या वेळात वर अख्खी बाल्कनी भरून घेतली." तेव्हापासून त्यांनी बाहेरचं खाणं सोडलं. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केकचा तुकडा ते कागदात गुंडाळून ठेवत आणि संध्याकाळी गेटवरच्या कुत्र्याला घालत. कुत्र्याला काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी ज्याचा वाढदिवस त्याला शुभेच्छा देत.

मोजायची सवय मात्र रिप्रेझेंटेटिव्हपण सुटलं तरी सुटली नाही. लग्नात, प्रेतयात्रेत, मीटिंगमध्ये त्यांचे ओठ हलत असत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "आज पाचशेच्या वर मराठी कुटुंबीय इथे जमले आहेत!" टाळ्या व्हायच्या आत मागून सर उभे राहिले. "दीडशेच्या आत आहेत. कडेवरची मुलं धरून. आणि त्यात आठ-दहा तरी पंजाबी आहेत, ते जेवणासाठी आलेत." अध्यक्ष गोरेमोरे झाले. पंजाबी मंडळींनी मात्र मनापासून दाद दिली.

मी त्यांना विचारलं होतं, अंधारात डोकी कशी मोजता? तर म्हणाले, अंधारात मोजायचीच नाहीत. गाणं लागलं की लोक हलतात, तेव्हा रांगा बघून ठेवायच्या. मध्यंतरात मुतारीच्या दारात उभं राहायचं. "तिथे कुणी खोटं बोलत नाही."

आमची कंपनी पूर्वी चांदणी चौकाजवळच्या एका बोळात होती. जिन्यावर पोस्टरांचे गठ्ठे, खाली कचोरीवाला. मी आले त्याच्या थोडं आधी ती नोएडात एका काचेच्या इमारतीत आली. सगळे खूश होते, सर सोडून. "काही लपवायचं असल्याशिवाय माणूस इतकं दाखवत नाही," काचेवर बोट वाजवून ते म्हणाले. टेबल त्यांनी भिंतीला लावून घेतलं, पाठीशी काच नको म्हणून.

त्या इमारतीत येता येता कंपनीचंही काहीतरी झालं होतं, ते मला कुणी नीट समजावून सांगेना. ते शेवटी सरांनीच सांगितलं, बसस्टॉपवर, आपला रिकामा डबा माझ्यापुढे उलगडून. मोठ्या मालकांनी मुंबईला एकच स्टुडिओ काढला होता. तिथेच सिनेमा व्हायचा, तिथेच धुतला जायचा, तिथूनच गावोगाव जायचा. नट-नट्या, सुतार, शिंपी सगळे पगारावर. मग नटांचे भाव चढले, पगारावर कुणी राहीना, स्टुडिओचे फ्लोअर भाड्याने द्यायची वेळ आली. मग भावाभावांत वाटण्या झाल्या. एकाकडे जागा, एकाकडे वितरण, जावयाकडे जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह. आणि आता केबल आलं, परदेशी पैसा यायला लागला, तेव्हा नातू शिकून परत आला आणि त्याने सगळ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या करून टाकल्या.

"ही निर्मितीची," त्यांनी भाजीचा डबा ठेवला. "ही वितरणाची, म्हणजे आपण. ही संगीताची. ही टीव्हीची." मग चारही डबे एकावर एक रचून वर झाकण लावलं. "आणि ही मदर कंपनी. हिचे शेअर बाजारात येणार. आता मला सांगा बाई, कुठल्या घरात चार मुली आधी होतात आणि आई मागाहून जन्माला येते?"

"आणि बाप?"

"ते विचारायचं नाही," सर म्हणाले आणि डबा पिशवीत टाकला. "पण विचारावं. कुठल्याही दुकानात शिरताना पाटीवरचं मोठं नाव वाचू नये. खाली बारीक अक्षरात मालकाचं असतं, ते वाचावं. नसलं तर परत फिरावं."

मालक लोकांना सर आवडायचे. का, ते मला नंतर कळलं. सर सगळ्या जगावर त्यांच्या वतीने संशय घेत. थिएटरवाल्यांवर, ड्रायव्हरांवर, छपाईवाल्यांवर, माझ्यावर. असा माणूस फुकटचा पहारेकरी असतो. हा माणूस कधी मागे वळून आपल्याकडेही बघेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

माझं काम होतं सरांच्या हाताखाली दिल्ली-यूपीचा रोजचा गल्ला एकत्र करून मुंबईला कळवायचा. दिल्लीच्या वितरण कंपनीला दोन डायरेक्टर होते. एक मालकांच्या घरचे, आणि दुसरे, कंपनी वेगळी झाल्यापासून, सर. वर्षाच्या शेवटी हिशेबावर दोघांच्या सह्या लागत. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते, म्हणून त्यांची डायरेक्टरची जागा कुणाला तरी द्यायची होती. छोटे साहेब विमानाने आले, मला आत बोलावलं आणि ती जागा माझ्यापुढे ठेवली.

"You are one of us," ते म्हणाले. मग हिंदीत, "पढ़ी-लिखी हो, नौजवान हो. पब्लिक इश्यू आ रहा है, हमें नए चेहरे चाहिए. गाडी मिळेल, नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट मिळेल." शेवटचं वाक्य त्यांनी खास माझ्यासाठी मराठीत म्हटलं.

खरं सांगायचं तर मी हरखून गेले. आम्ही तेव्हा एका बरसातीत राहत होतो, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत. मे महिन्यात तिथे भिंतीला हात लावला तर चटका बसे. नवऱ्याने तर त्याच दिवशी फ्लॅटला पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते ठरवलं. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर विचारलं, "आता नटनट्या तुझ्याकडे येणार का गं?" मला फक्त सरांची भीती वाटत होती. आपली जागा आपल्याच हाताखालच्या मुलीला जाणार, हे या माणसाला आवडणार नाही, तो काहीतरी खोडा घालणारच, असं मला पक्कं वाटत होतं. त्यांची संशयाची सवय एव्हाना मलाही लागली होती. मी त्यांच्याकडे बघायची तेव्हा ते माझ्याकडे बघत असायचे.

त्याच सुमाराला आमचा एक मोठा सिनेमा लागला. आठवड्याने छोट्या साहेबांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये जमवलं. मिठाईचे डबे आले होते. "दिल्ली-यूपीमध्ये रेकॉर्ड आहे!" ते म्हणाले. "गाझियाबाद हाउसफुल, मेरठ हाउसफुल. सगळे शो!" टाळ्या झाल्या. अकाउंट्सचे खुरानाजी, साहेब काहीही म्हणाले की आधी टाळ्या वाजवणारे, त्यांनी सर्वांत जास्त वाजवल्या. मीही वाजवल्या. गाझियाबादचे आकडे मीच तर मुंबईला कळवले होते. थिएटरमधून फोन यायचा, मी लिहून घ्यायची.

सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते विचारात पडले होते. इतक्या वर्षांत कुठल्या थिएटरवाल्याने आपणहून हाउसफुल सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ते माझ्या टेबलापाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, बैंक का काम है, चलिए।" बाहेर आल्यावर त्यांनी बँकेकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही बस पकडली, मग शेअर ऑटो, आणि गाझियाबादला त्या थिएटरपाशी उतरलो. मला वाटलं, आता हे मला कुठेतरी बसवून समजावणार, की पोरी, ही जागा घेऊ नकोस, माझी आहे. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत होते.

त्यांनी दोन तिकिटं काढली. खिडकीवरच्या माणसाने झोपेतून जागं झाल्यासारखं बघितलं. आम्ही बाल्कनीत बसलो. पडद्यावर आमचा सिनेमा चालू होता, तोच, रेकॉर्डवाला.

"मोजा," सर म्हणाले.

मोजायला काय होतं! पुढे दोन माणसं पाय वर टाकून झोपली होती. कोपऱ्यात एक जोडपं होतं, त्यांना सिनेमाशी कर्तव्य नव्हतं. खाली एक म्हातारा भाजीची पिशवी मांडीवर घेऊन थंडाव्याला बसला होता. आणखी चार-पाच इकडेतिकडे. बाकी खुर्च्याच खुर्च्या. गाणं लागलं, पण हलायला कुणी नव्हतंच.

मध्यंतरात मॅनेजर धावत आला. सरांना तो पूर्वीपासून ओळखत होता. "अरे साहब! बताया भी नहीं! ठंडा मँगवाऊँ?"

"हाउसफुल किसने लिखवाया?" सरांनी विचारलं.

तो गांगरला. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आप ही के ऑफिस से तो कहा गया था जी. मुंबई से. सारी टिकटें कंपनी ने खुद उठा ली हैं, टैक्स भी कंपनी दे रही है. यार, हमारा क्या जाता है? खाली हॉल का भी पूरा पैसा।" मग आवाज उतरवून म्हणाला, "आपको नहीं बताया उन्होंने?"

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला नाही. बाहेर उन्हात उभे राहिलो. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जन्मभर ज्यांच्यासाठी चोर पकडले, तेच चोर निघाल्यावर माणूस जसा दिसेल तसा. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "आमच्या वेळी असलेली माणसं नाहीत म्हणून दाखवायचे. आता नसलेली माणसं आहेत म्हणून बसवतात. चोरी कमी दाखवण्यात असते एवढंच मी शिकलो होतो. जास्त दाखवण्यातही असते, हे या वयात कळलं."

"पण कशासाठी, सर? स्वतःचीच तिकिटं स्वतः विकत घेऊन काय मिळणार?"

"शेअर," ते म्हणाले. "एक रुपया इथे घालवायचा, आणि लोकांकडून दहा घ्यायचे. आणि वर्षाच्या शेवटी या खुर्च्यांमध्ये माणसं बसली होती म्हणून कुणीतरी सही करायची."

ती सही कुणाची असणार होती, ते सांगायची गरज नव्हती. परतीच्या ऑटोत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं भीतीचं होतं आणि पुष्कळसं कृतज्ञतेचं. या माणसाने एवढ्या लांब आणून मला हे दाखवलं. आपला माणूस शेवटी आपला माणूस, असं मला वाटलं.

मी छोट्या साहेबांना नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नवऱ्याच्या बदलीचं. "आर यू शुअर?" त्यांनी दोनदा विचारलं आणि मग कधीच काही विचारलं नाही. नवरा म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" मी त्याला सगळं सांगितलं, तरी पडद्यांचं दुःख त्याला बरेच दिवस होतं. माझं टेबल जिन्याखाली गेलं, फोन काढून घेतला, आणि काही महिन्यांनी मी दुसरीकडे नोकरी धरली. डायरेक्टर झाले खुरानाजी. त्यांनी अख्ख्या इमारतीत लाडू वाटले. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण कुणी केलं नाही, आणि त्यांनीही करू दिलं नसतं.

पुढे शेअर आले. लोकांच्या उड्या पडल्या. आमच्या घरमालकाने घेतले, नवऱ्याच्या कारखान्यातल्या फोरमनने घेतले, कोपऱ्यावरच्या धोब्याने उधारी करून घेतले. वर्ष-दोन वर्षं कंपनीचं नाव रोज पेपरात होतं. मग एक दिवस आईपाशी काहीच नाही असं निघालं, मुलींपाशी तर त्याहून नाही. छोटे साहेब परदेशी निघून गेले. इथे राहिले ते सहीवाले. खुरानाजींना पकडून नेलं तेव्हा त्यांच्या अंगावर घरचे कपडे होते, असं जुन्या ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं. जामीन मिळाला, पण कोर्टाच्या तारखा सुटेनात. ज्याने टाळ्या वाजवण्यापलीकडे आयुष्यात काही केलं नाही, असा तो माणूस.

ते ऐकलं आणि मी सरांना भेटायला गेले. गाझियाबादला त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. दार उघडण्याआधी "कौन?" असं तीनदा विचारून झालं, मग "किसने भेजा?" मी नाव सांगितलं तेव्हा कडी निघाली. ते वाळले होते, पण नजर तीच.

बसल्यावर मी सरळच बोलले. "सर, तुम्ही त्या दिवशी मला थिएटरात नेलं नसतं, तर आज खुरानाजींच्या जागी मी असते. आभार मानायचे राहिले होते."

"आभार कसले? मी तुम्हाला तुमच्यासाठी नेलं नव्हतं."

"मग?"

"तुम्ही मुंबईच्या होता. म्हटलं, ही बघेल आणि मुंबईला कळवेल, की म्हाताऱ्याला सगळं कळलंय. म्हणजे मला घरी पाठवताना ते जरा जपून वागतील. तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तुमच्यामार्फत सांगितलं."

"मी मुंबईची नव्हते, सर. मी कुणालाच काही कळवत नव्हते."

"ते मला नंतर कळलं. तुम्ही सही नाकारलीत तेव्हा. त्यांचं माणूस असतं तर नाकारलं नसतं." ते थोडे अस्वस्थ झाले. "बरेच दिवस मला वाटत होतं, हीसुद्धा काहीतरी चालच असेल."

"आणि आधीच कळलं असतं तर? मी साधी नोकरी करणारी आहे, एवढंच, असं?"

सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला. "तर नेलं नसतं," ते म्हणाले. "साध्या माणसाला असलं काही दाखवू नये. तो चार लोकांत बोलून बसतो. माझी नोकरी संपायला थोडे दिवस राहिले होते."

"म्हणजे मी सही केली असती."

"केली असतीत. सगळेच करतात."

मी उठले. ते दारापर्यंत आले आणि मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागे कडी लावल्याचा आवाज आला नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की ऑटोवाल्याला पत्ता सांगताना माझा आवाज चढला. या माणसाने माझ्यावर एवढासा जरी विश्वास ठेवला असता तर मी बुडाले असते. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तरी घर येईपर्यंत मला एकच वाटत राहिलं, की ठेवायला हवा होता.